बॅस माशांसाठी एक पाणकिल्ला

अमेरिकेत मी बांधलेली पहिली इमारत माशांसाठी होती. हे ऐकून लोक हसतात, आणि हसावं अशीच ती गोष्ट आहे. पण मी ते सगळं गंभीरपणे केलं होतं. तेव्हा मी गंभीर होते म्हणूनच ते इतकं हास्यास्पद झालं असावं.

२००४ साल. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा होता आणि माझा त्याच्या बायकोचा. बायकोच्या व्हिसावर राहता येतं, खाता येतं, गाडी चालवता येते, फक्त काम करता येत नाही. मी पुण्यात आर्किटेक्ट होते. कोथरूडमध्ये मी बांधलेल्या दोन सोसायट्या उभ्या आहेत, त्यांतली एक गळते, पण तो दोष कॉन्ट्रॅक्टरचा. इथे आल्यावर पार्टीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी तोंड उघडायच्या आत नवरा सांगायचा, "शी इज ॲट होम." जणू मी आजारी होते आणि मला विश्रांती सांगितली होती.

मला काहीतरी बांधायचं होतं. चार भिंती, एक छप्पर आणि त्यात राहणारं कुणीतरी, एवढंच. दोन वर्षांत मी स्वयंपाकघरातली कपाटं इतक्या वेळा हलवली की नवऱ्याला चहा-साखर सापडेना. वाण्याच्या दुकानात गेले की तिथली डाळ-तांदळाची मांडणी कशी चुकलीय याचे नकाशे डोक्यात तयार व्हायचे. मी हळूहळू चक्रम होत चालले होते आणि मला ते कळत होतं.

आमच्या घरामागे एक तळं होतं. बिल्डरने बुलडोझर लावून खणलेलं, कडेने घरं, मध्ये एक कारंजं. तळ्याच्या पलीकडे काका राहायचे. काका म्हणजे इथल्या सगळ्या मराठी मंडळाचे काका. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, भूल देणारे डॉक्टर, आता निवृत्त. जन्मभर त्यांनी लोकांना "काही नाही होणार, शांत झोपा" असं सांगितलं होतं आणि ती सवय त्यांना लागली होती. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, तरी काका त्याच आवाजात "काही नाही होणार" म्हणायचे.

काकांना बॅस मासे पकडायचं वेड होतं. काकूंच्या घरात मासा शिजत नव्हता, शिजणारही नव्हता. त्यामुळे काका मासा पकडायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचे. मी एकदा विचारलं, "काका, मग पकडता कशाला?" तर म्हणाले, "अगं, भेटायला." इथले पुष्कळ लोक असंच करतात हे मला नंतर कळलं.

त्या उन्हाळ्यात काकांना मासे भेटेनासे झाले. ते सारखे उदास. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या डेकवर चहा पीत होतो तेव्हा ते म्हणाले, "या तळ्याचा तळ बशीसारखा गुळगुळीत आहे. बॅसला आडोसा लागतो. खांब, फांद्या, पडलेलं झाड, काहीतरी. लोक मुद्दाम पाण्यात नेऊन टाकतात. नाताळ झाला की झाडं बुडवतात, पाइपांचे सांगाडे करून बुडवतात. आपल्या तळ्यात काहीच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आर्किटेक्ट ना गं?"

"होते."

"होते म्हणजे काय? मी रिटायर झालो तरी डॉक्टरच आहे की. माशांना घर बांधून दे."

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवून निघायची घाई केली. परत येताना गाडीत तो एकदम म्हणाला, "यार, हे वर्क तर नाही ना धरणार? व्हिसाचं काही झालं तर?" मी म्हटलं, "माशांसाठी आहे." तो म्हणाला, "तेच विचारतोय. पेपरवर लिहायचं काय?" रात्रभर कूस बदलून त्याने सकाळी कंपनीच्या वकिलीणबाईंना ई-मेल केलं. त्यांनी उलट विचारलं की मासे पगार देणार आहेत का. नाही म्हटल्यावर त्यांनी कळवलं की मग त्यांची हरकत नाही. नवऱ्याने ते ई-मेल छापून पासपोर्टांबरोबर ठेवलं.

मी कामाला लागले. क्लायंटच्या सवयी समजून घेतल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही, म्हणून आधी काकांना चार-पाच दिवस छळलं. हा मासा कसा राहतो, कधी खातो, एकटा असतो की कुटुंबाने. काका म्हणाले, तो पाठलाग करत नाही. सावलीत, भिंतीला लागून, दबा धरून बसतो. समोरून छोटा मासा गेला की झडप घालतो आणि परत आपल्या जागी येऊन बसतो.

"म्हणजे गनिमी कावा," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!"

मग घर नव्हतंच बांधायचं. किल्ला बांधायचा होता. लहानपणी दर दिवाळीत आम्ही सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन किल्ला करायचो, तेव्हापासून मला ते येत होतं. चार कोपऱ्यांना बुरूज, बुरुजांना बाहेर बघायला भोकं, मधल्या तटाला फटी, आत थंड सावली. मी प्लॅन काढला, सेक्शन काढला, चारी बाजूंची एलिव्हेशन्स काढली. बुरूज म्हणजे प्लास्टिकचे निळे पिंप उलटे ठेवून त्यांना कापलेल्या खिडक्या. तट म्हणजे पांढऱ्या पाइपांचा सांगाडा आणि त्याला बांधलेल्या लाकडी पट्ट्या. हे सगळं बुडावं म्हणून खाली सिमेंट ओतलेल्या बादल्या, दोराने सांगाड्याला घट्ट बांधलेल्या. काकांच्या गराजमध्ये काम चाललं होतं. मी दोन वर्षांनी करवत हातात घेतली होती आणि मला आठवतंय, त्या पंधरवड्यात मी एकदाही घरातली कपाटं हलवली नाहीत.

हे सगळं शांतपणे पार पडलं असतं. पण मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर, जेवणाच्या रांगेत काकांनी ते जाहीर केलं. झालं. मराठी माणसाला किल्ला म्हटला की मत असतंच. पुण्याचे एक गृहस्थ ताट हातात घेऊन मला तटाची जाडी विचारू लागले. नागपूरच्या एकांनी भुईकोट पाण्यात बुडवणं चूक आहे, जलदुर्गच पाहिजे, असं ठासून सांगितलं. मी म्हटलं, तळाशी आहे म्हणजे माशांच्या दृष्टीने भुईकोटच. त्यावर ते श्रीखंड संपेपर्यंत विचार करत बसले. एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "महाद्वार दक्षिणेला तर नाही ना गं?" दक्षिणेलाच होतं. "बघ बाई," त्या म्हणाल्या, "मुक्या जिवांना कळत नाही म्हणून आपण काहीही करायचं का?" मी घरी जाऊन महाद्वार पूर्वेला केलं. क्लायंटच्या नातेवाइकांपुढे मी पुण्यातही असंच नमतं घ्यायची.

इथे आमच्या विसर्जनाबद्दल सांगायला हवं. मंडळाचा गणपती कुणीतरी फार वर्षांपूर्वी पुण्याहून मांडीवर बसवून आणला होता. इथल्या तळ्यात मूर्ती सोडायची परवानगी नाही. म्हणून दरवर्षी प्लास्टिकच्या टबात त्याला तीनदा पाण्याला टेकवायचं, टॉवेलने पुसायचं आणि खोक्यात घालून काकांच्या गराजमध्ये ठेवायचं. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायचं आणि गराजचं दार बंद करायचं. वर्षानुवर्षं टबात विसर्जन केलेल्या या लोकांना आता एका खऱ्याखुऱ्या तळ्यात, तळ्याकाठच्या घरमालकांच्या सोसायटीच्या परवानगीने, काहीतरी बुडवायला मिळणार होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष बुरुजांकडे होतं.

शनिवारी सकाळी काकांच्या हिरवळीवर सगळं मंडळ हजर. कुणी पोहे आणले होते, कुणी झांजा. काकूंनी महाद्वाराला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकू वाहिलं. माशांना त्या एरवी शिवत नसत, पण नव्या वास्तूला ओवाळल्याशिवाय कसं सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे एक अमेरिकन आजोबा, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, त्यांची सपाट मोठी बोट घेऊन आले होते. किल्ला बोटीवर चढवला. सहा पुरुष, त्यांत माझा नवरा, दोर धरून उभे. मी काकांच्या छोट्या होडीतून मागे. तळ्याच्या ज्या भागात पाणी पुरुषभर होतं आणि आजूबाजूला उतार होता, तिथे जागा ठरली होती.

"सावकाश सोडा," मी ओरडले. "एकदाच. सरळ खाली."

किल्ला पाण्याला लागला. बुरूज अर्धे बुडाले. तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणाच्या तरी तोंडून, अगदी सहज, निघून गेलं, "गणपती बाप्पा..."

यावर "मोरया" म्हणायचं नाही असं ठरवूनही मराठी माणसाला जमत नाही. किनारा ओरडला, बोट ओरडली, झांजा सुरू झाल्या. आणि त्या सहाजणांनी, कुणी काही न सांगता, किल्ला पाण्यातून वर उचलला. कारण मूर्ती तीनदा बुडवायची असते. लहानपणापासून हातांना तेच ठाऊक होतं.

"वर काढू नका!" मी किंचाळत होते. "अरे, वर नका काढू!" पाण्यात असेपर्यंत त्या बादल्यांचं वजन पाणी पेलत होतं. हवेत आल्यावर सगळा भार दोरांवर पडला. पहिल्या वेळी गाठी ताणल्या. दुसऱ्या वेळी सांगाडा कुरकुरला, ते मला झांजांच्या आवाजातही ऐकू आलं. अमेरिकन आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली होती. तिसऱ्या वेळी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत त्यांनी किल्ला मोठ्या भक्तिभावाने सोडून दिला.

बादल्या खाली गेल्या. सगळ्या, एकदम, दोरासकट. त्यांच्या ओढीने किल्लाही दिसेनासा झाला. लोकांनी हात जोडले. आणि मग, गाठी सुटल्या तसा, उलट्या पिंपांत कोंडलेल्या हवेसकट तो पाण्याचा फवारा उडवत वर आला. "लवकर या" म्हटल्यावर इतक्या लवकर आजवर कुणी आलं नसेल. झांजा थांबल्या. एक मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॉम, इट्स बॅक."

वारा होता. किल्ला हार मिरवत तळ्याच्या मध्यावर गेला, कारंज्याला एक फेरी घातली आणि पलीकडच्या हिरवळींकडे निघाला. वाटेत दोन हंस तटावर चढून बसले. मी होडीत बसून बघत होते. माझ्या नऊ वर्षांच्या शिक्षण-अनुभवात इमारत पडू नये एवढंच शिकवलं होतं. ती तरंगत निघून जाऊ नये म्हणून काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूचे सगळे हसू दाबत होते आणि मला त्या पाण्यात उडी मारून नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

पलीकडच्या कुठल्या तरी घरातून पोलिसांना फोन गेला. तासाभरात एक तरुण ऑफिसर आला. किल्ला तोवर एका बाईंच्या धक्क्याला लागला होता. ऑफिसरने तो नीट बघितला, झेंडूचा हार बघितला, कुंकू बघितलं आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

माझा नवरा पुढे झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नोबडी," तो म्हणाला. "इट्स रिलिजस."

ऑफिसर लगेच एक पाऊल मागे सरकला. धर्म म्हटल्यावर या देशात सगळे अदबीने वागतात. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण माझं डोकं फिरलं. दोन वर्षं "ती घरी असते" ऐकून घेतलं होतं, ते एक वेळ चाललं. माझी इमारत माझ्या डोळ्यांदेखत निनावी करून टाकायची? ती बुडाली नाही तरी माझी होती.

"मी बांधलं," मी म्हटलं. "मी आर्किटेक्ट आहे. हा माशांसाठी आहे आणि तो तळाशी असायला हवा होता."

ऑफिसर किल्ल्याकडे वळला. मग फार आदराने म्हणाला, "वेल, मॅम, इट फ्लोट्स ब्यूटिफुली."

घरी आल्यावर मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी घाबरलो होतो यार. तुला डिपोर्ट केलं असतं तर?" मी म्हटलं, "किल्ला तरंगला म्हणून?" तो वाईट माणूस नाही. त्या व्हिसाने आम्हा दोघांनाही भित्रं करून ठेवलं होतं, त्याला जास्त.

पुढच्या मंगळवारी मी, काका आणि ते अमेरिकन आजोबा, आम्ही तिघांनीच किल्ला परत बुडवला. नव्या बादल्या सांगाड्याला बांधायला दोरांच्या जागी साखळ्या लावल्या. पिंपांच्या माथ्याला मोठी भोकं पाडली, हवा निघून जावी म्हणून. हार नाही, झांजा नाहीत. किल्ला पाण्याला लागला तसे आजोबा दोर वर ओढू लागले. "तीनदा ना?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांचा हात धरून ठेवला. बुरुजांतून बराच वेळ बुडबुडे येत राहिले. मग तेही थांबले आणि तळं जसं होतं तसं झालं.

खरं दुःख मला त्या वेळी समजलं. माझी इमारत बांधून झाली होती आणि ती दिसत नव्हती. कुणाला बोट दाखवून सांगायची सोय नाही, फोटो नाही, आत जाऊन बघता येत नाही. तिथे कुणी राहायला आलं की ती तशीच ओस पडलीय, हेही कळायला मार्ग नाही. हिवाळ्यात तळं गोठलं. मुलं त्यावर घसरगुंडी खेळायची आणि मी खिडकीत उभी राहून अंदाज करायची की आता ती आपल्या बुरुजावर आहेत.

वसंतात काका रोज सांगू लागले, "तुझ्या किल्ल्यापाशी मासे भेटतात हं." मी विचारायची, "खरं?" ते त्यांच्या त्या आवाजात म्हणायचे, "अगदी खरं. तू काळजी करू नकोस." त्यांनी त्याच आवाजात ऑपरेशन टेबलावरच्या माणसांना झोपवलं होतं. माझा विश्वास बसेना. काका प्रेमाने खोटं बोलायला कमी करणारे नव्हते.

जूनमध्ये तळ्याचा पाणी सोडायचा पाइप फुटला. दुरुस्तीसाठी सोसायटीने पाणी उतरवायचं ठरवलं. दोन-तीन दिवसांत कडेचा चिखल उघडा पडत गेला आणि एका सकाळी मी परसातून बघितलं तर पाण्याच्या वर चार बुरूज आले होते. हिरवेगार, शेवाळलेले, थोडे कललेले. एखाद्या जुन्या, खऱ्या किल्ल्यासारखे.

मी सलवार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि चप्पल काठावर सोडून आत शिरले. नवरा मागून "अगं, पाय घसरेल" म्हणत होता, मग तोही बूट-मोज्यांसकट आला. काकाही पोचले. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं आणि तळ दिसण्याइतकं स्वच्छ होतं. मी आधी नुकसान बघितलं. लाकडी पट्ट्या फुगल्या होत्या, एक बुरूज चांगलाच खचला होता. तटाच्या फटींत लोकांचे तुटलेले गळ अडकून बसले होते, लाल, पिवळे, आमिषाला लावलेले रबरी बेडूकसुद्धा. महाद्वारात मात्र बोटभर गाळ साचला होता. तिथून कुणीच आलं-गेलं नव्हतं.

मग मी वळसा घालून मागच्या बाजूला गेले.

मागच्या तटाला लागून, बुरुजाच्या सावलीत, जमिनीवर एक गोल होता. ताटापेक्षा मोठा. सगळ्या तळावर गाळ बसलेला आणि एवढाच भाग लख्ख, खालचे बारीक खडे एकेक दिसत होते. कडेला बाजूला सारलेल्या गाळाची गोल किनार. माझ्या ड्रॉइंगमध्ये असं काही नव्हतं. मी काकांना हाक मारली. ते आले, चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"घरटं," ते म्हणाले. "नर करतो. शेपटीने जागा झाडून काढतो, दिवसच्या दिवस. मग मादी येऊन अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो तिथून हलत नाही. पिल्लं गेलीत आता." या वेळी त्यांचा आवाज तो नव्हता. साधा, थोडा कापरा होता.

मी खाली बसले, पाण्यातच, कमरेपर्यंत. पुण्यात मी लोकांना घरं बांधून दिली तेव्हा किल्ल्या देताना फोटो काढले होते. पण महिन्याभराने तिथून जाताना कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल दिसायचा, तेव्हा जे वाटायचं ते फोटोच्या वेळी वाटलं नव्हतं. आज तेच वाटलं. मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं.

पलीकडच्या काठावर लोक जमू लागले होते. पाइपवाला कामगार हेल्मेट काढून उभा होता. त्याने ओरडून विचारलं, "हे काय आहे? कुणाचं आहे?"

मी अजून डोळे पुसत होते. माझा नवरा, गुडघाभर चिखलात, भिजलेल्या बुटांनी, ताठ उभा राहिला.

"माय वाइफ बिल्ट इट," तो ओरडला. "शी इज ॲन आर्किटेक्ट." आणि मग, त्या माणसाला नीट कळावं म्हणून, आणखी मोठ्याने, "पीपल लिव्ह हिअर!"